आपल्या भागातला ओढा क्यूजीआयएसवर कसा शोधायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रज, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या सगळ्या पट्ट्यात काही तासांत पाणी घराघरात शिरलं, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. नंतर कितीतरी जणांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं, "इथून ओढा जातो हेच आम्हाला माहिती नव्हतं." ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण ओढा टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर होता, जुन्या लोकांना ठाऊक होता, फ्लॅट दाखवताना मात्र कुणी त्याचं नाव काढलं नाही.

म्हणून हे सगळं लिहून काढतोय. ज्यांनी आयुष्यात कधी जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं सॉफ्टवेअर, उघडलेलं नाही, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगला नुकतेच आलेत, किंवा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी बघून वैतागलेत, त्यांना दोन तीन रविवारात जमेल असं काम आहे. उदाहरण आंबील ओढ्याचं घेतलंय कारण तो मी पायी फिरलोय. तुम्ही रामनदी घ्या, भैरोबा नाला घ्या, नागझरी घ्या, किंवा तुमच्या गावचा जो असेल तो घ्या, पद्धत तीच आहे.

आधी कॉम्प्युटरची तयारी

क्यूजीआयएस हे त्यातलंच एक फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००२ मध्ये सुरू झालं, आज जगभर सरकारी ऑफिसांपासून कॉलेजांपर्यंत सगळीकडे वापरतात. त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या आणि घेताना लाँग टर्म रिलीज असं लिहिलेली आवृत्ती घ्या, सगळ्यात नवीन घेऊ नका, कारण नवीनमध्ये कधीकधी प्लगइन (वरून टाकायची जोड टूल्स) चालत नाहीत आणि नवख्या माणसाला कळत नाही की चूक आपली की सॉफ्टवेअरची. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

आता एक गोष्ट जी कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत. प्रोजेक्टचा फोल्डर थेट सी ड्राइव्हवर करा, नाव छोटं, इंग्रजी अक्षरात आणि मध्ये स्पेस नको. डेस्कटॉपवर "माझा नकाशा नवीन फायनल" असा मराठी नावाचा फोल्डर केला की पुढे जी ग्रास नावाची टूल्स वापरायची आहेत ती मध्येच एरर देऊन बंद पडतात आणि एररमध्ये फोल्डरचा उल्लेखही नसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीये.

दुसरं, जे काही सेव्ह कराल ते जिओपॅकेज या फाइल प्रकारात करा. शेपफाइल हा जुना प्रकार अजून सगळीकडे चालतो पण त्यात कॉलमचं नाव १० अक्षरांच्या पुढे जात नाही आणि मराठीत भरलेली माहिती कधीकधी नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसते. लोकांनी सांगितलेल्या जागांची नावं आपल्याला मराठीतच ठेवायची आहेत, त्यामुळे हे पहिल्या दिवसापासून पाळा.

मोजमाप मीटरमध्ये आणा

सगळ्यात जास्त नवखे इथे अडकतात त्यामुळे जरा थांबून सांगतो. डाउनलोड केलेला बहुतेक डेटा अक्षांश रेखांशात असतो, म्हणजे अंशात. त्यावर तुम्ही "ओढ्यापासून २० चा बफर" (बफर म्हणजे रेषेभोवतीचा तेवढ्या अंतराचा पट्टा) म्हणालात तर सॉफ्टवेअर २० अंश धरतं, २० मीटर नाही, आणि एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. स्क्रीनवर अख्ख्या भारतावर एक गोळा दिसायला लागला की समजा हेच झालंय.

उपाय सोपा आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या सगळ्यांसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीतला झोन ४३ उत्तर, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. नागपूर, गोंदिया बाजूला असाल तर ७८ रेखांशाच्या पलीकडे झोन ४४ येतो, तिथे ३२६४४ घ्या. क्यूजीआयएसच्या उजव्या कोपऱ्यात खाली हा कोड दिसतो, त्यावर क्लिक करून बदलता येतो. पण तिथे बदलला म्हणजे नुसतं दिसणं बदललं, मूळ लेअर (नकाशावरचा एकेका डेटाचा थर) अजून अंशातच आहे हे लक्षात ठेवा. प्रत्येक लेअर वेगळा रिप्रोजेक्ट करून, म्हणजे या कोडमध्ये बदलून, नवीन फाइल म्हणून सेव्ह करावा लागतो.

जमिनीची उंची मिळवायची

पाणी कुठून कुठे जाणार हे उतार ठरवतो, म्हणून आपल्याला प्रत्येक जागेची उंची सांगणारी फाइल लागते, तिला डीईएम म्हणतात. फुकटात मिळणाऱ्यांपैकी तीन नावं लक्षात ठेवा. एसआरटीएम, जो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने ११ दिवसांत मोजला. कोपर्निकस जीएलओ ३०, युरोपचा. आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम, आपल्या कार्टोसॅट १ उपग्रहाचा. मी कोपर्निकस वापरतो, कारण तो नवा आहे आणि एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच असल्यामुळे सपाट भागात ओढे शेजारी शेजारी सरळ रेघा ओढल्यासारखे येतात.

डाउनलोडसाठी ओपनटोपोग्राफीचं प्लगइन टाका, त्यांच्या साइटवर फुकट खातं काढून एक की मिळते ती तिथे टाकायची. आंबील ओढ्यासाठी साधारण १८.३६ ते १८.५४ अक्षांश आणि ७३.८० ते ७३.९२ रेखांश एवढा चौकोन घेतला तरी चालतो. तुमच्या ओढ्यासाठी चौकोन घेताना कंजूषी करू नका, ओढा जिथून निघतो त्या डोंगराच्या माथ्याच्याही पलीकडे थोडं घ्या. का ते पुढे सांगतो.

फाइल आली की रास्टर मेनूतून वॉर्प करून ३२६४३ मध्ये आणा, रिझोल्यूशन ३० द्या आणि रिसॅम्पलिंगला बायलिनिअर निवडा. तिथे जे आपोआप निवडलेलं असतं, निअरेस्ट नेबर, ते तसंच ठेवलं तर जमिनीवर पट्टे पडल्यासारखे दिसतात.

आता हिलशेड करा, म्हणजे डोंगरदऱ्यांवर ऊन सावली पडल्यासारखं चित्र. हे काम एका क्लिकचं आहे, पण मला दर वेळी बघताना तेवढाच आनंद होतो, कात्रजच्या डोंगराच्या सोंडा, मधल्या घळी, पर्वतीची टेकडी, तळजाई, सगळं एकदम उठून दिसतं आणि रोज ज्या रस्त्याने जातो तो खरंतर एका दरीच्या तळातून जातोय हे पहिल्यांदा कळतं. सोबत ५ मीटरच्या कंटूर, म्हणजे समान उंचीच्या, रेषा काढून वर ठेवा.

ओढे आणि पाणलोट

प्रोसेसिंग टूलबॉक्स उघडा, त्यात ग्रास शोधा (दिसत नसेल तर प्लगइनमध्ये जाऊन ग्रास प्रोव्हायडर चालू करावा लागतो). आर डॉट वॉटरशेड नावाचं टूल घ्या. उंची म्हणून तुमचा रिप्रोजेक्ट केलेला डीईएम द्या. मग तो एक आकडा मागतो, कमीत कमी पाणलोट (ज्या जमिनीवरचं पाणी एका जागी येतं ती) किती पेशींचा, म्हणजे डीईएमच्या चौकटींचा, धरायचा. एक पेशी ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटरची, म्हणजे १०० लिहिलं तर ९ हेक्टर, ५०० लिहिलं तर ४५ हेक्टर. आकडा लहान ठेवला की प्रत्येक गल्लीतून ओढा निघतो, मोठा ठेवला की फक्त नदी उरते. शहरातल्या ओढ्यांसाठी १०० ते ३०० च्या मध्ये करून बघा आणि टोपोशीटशी जुळेल तो ठेवा.

यातून बऱ्याच फाइल निघतात, आपल्याला तीन हव्यात: किती पेशींचं पाणी इथून जातं ती, पाण्याची दिशा सांगणारी, आणि ओढ्यांचे तुकडे. पहिल्या फाइलमध्ये काही ठिकाणी उणे आकडे दिसले तर घाबरू नका, त्याचा अर्थ तिथे तुमच्या चौकोनाच्या बाहेरून पाणी येतंय आणि सॉफ्टवेअरला ते मोजता येत नाहीये. मुख्य ओढ्यावरच उणे आकडे असतील तर चौकोन लहान पडला, मोठा घेऊन परत करा. मगाशी कंजूषी नको म्हणालो ते यासाठी. ओढ्यांचे तुकडे आधी आर डॉट थिन आणि मग आर डॉट टू डॉट वेक्ट मधून काढले की रेषा मिळतात.

पुढचं टूल मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आर डॉट वॉटर डॉट आउटलेट. त्याला दिशेची फाइल द्यायची आणि एक ठिकाण द्यायचं, समजा दांडेकर पुलाजवळचं. तो सांगतो की या ठिकाणी पोचणारं पाणी नेमकं कुठल्या कुठल्या जमिनीवर पडतं. फक्त क्लिक बरोब्बर ओढ्याच्या पेशीवर व्हायला हवं, एक पेशी जरी बाजूला गेलं तर पाणलोटाच्या जागी एक चिमूटभर तुकडा मिळतो. खूप झूम करून, "किती पेशींचं पाणी" वाली फाइल खाली ठेवून, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पेशीवर क्लिक करा.

आलेल्या तुकड्याचा पॉलिगॉन (बंद आकृती) करून क्षेत्रफळ काढा आणि मग हा हिशेब वहीवर हाताने करा. १ चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे ५,००० टँकर. एका चौरस किलोमीटरचे! हा पाऊस एका तासात पडला आणि जमीन झाडाझुडपांची असेल, म्हणजे साधारण ३० टक्के पाणी वाहून येत असेल, तर सेकंदाला ४ घनमीटरच्या आसपास पाणी ओढ्यात येतं. त्याच जमिनीवर काँक्रीट, पार्किंग आणि छपरं आली आणि ८० टक्के वाहून यायला लागलं तर सेकंदाला ११. पाऊस तोच, ओढा तोच, मोरीचा पाइप पण तोच. खाली दांडेकर पुलाजवळ राहणाऱ्या माणसाने काहीच बदललेलं नसतं, बदललेलं असतं वर डोंगरउतारावर. ज्या दिवशी हा आकडा मी स्वतः काढला त्या दिवसापासून वर कुठेही नवीन टेकडीफोड दिसली की मला खालची वस्ती आठवते.

उतारावरून आठवलं. आपल्याकडे १:५ पेक्षा जास्त उतार असलेल्या टेकडीवर बांधकामाला बंदी असते. क्यूजीआयएसचं स्लोप टूल अंशात उत्तर देतं आणि बरेच जण ५ किंवा २० टाकून चुकतात. १:५ म्हणजे २० टक्के, म्हणजे ११.३ अंश. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये ११.३ च्या वरचं सगळं वेगळ्या रंगात काढा आणि त्याखाली सॅटेलाइट फोटो ठेवा. ३० मीटरच्या डीईएममध्ये उतार थोडा बोथट होतो, म्हणजे नकाशात जेवढं दिसतं त्याहून खरी जागा जास्त तीव्र असू शकते.

सॉफ्टवेअरची रेष आणि खरा ओढा

आता जरा सावध व्हा. हे सगळे डीईएम वरून मोजलेले आहेत, त्यात इमारतीचं छप्पर आणि झाडाचा शेंडा पण जमीनच समजली जाते. पुलाचा किंवा रस्त्याचा भराव ओढ्यावर आडवा असला की सॉफ्टवेअरला ते धरण वाटतं आणि ते पाणी भलतीकडून काढून देतं. ओढा ८ मीटर रुंद आणि आपली पेशी ३० मीटरची. त्यामुळे कात्रजच्या डोंगरात आलेली रेष बऱ्यापैकी बरोबर असते आणि दाट वस्तीत ती एखाद्या सोसायटीच्या मधून गेलेली दिसते.

पुण्यात यात आणखी एक भर आहे. आंबील ओढा मुळात गावातून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, आज जिथे सारसबाग आणि तळ्यातला गणपती आहे ते. म्हणजे खालच्या टप्प्यातला ओढा माणसाने वळवलेला आहे आणि उतारावरून हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कुठून कळणार. अशा ठिकाणी सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट आणा, त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळते. जुन्या क्रमांकानुसार पुणे शहर ४७ एफ/१४ वर आणि कात्रजकडचा भाग ४७ एफ/१५ वर येतो. ती जिओरेफरन्सरने बसवा, म्हणजे टोपोशीटच्या चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश रेखांश तिथे टाकायचे, आणि मग निळ्या रेषा हाताने गिरवा. हो, हाताने. कंटाळवाणं आहे पण ओढा तुमच्या बोटांत बसतो.

शेवटी तुमच्याकडे तीन रेषा होतात: टोपोशीटवरची, सॉफ्टवेअरची, आणि आज सॅटेलाइटमध्ये दिसते ती. जिथे तिन्ही एकत्र जातात ते सोडून द्या. जिथे त्या फाटतात, जिथे टोपोशीटवर ओढा आहे आणि आज तिथे पार्किंग दिसतंय, किंवा ओढा ९० अंशात वळलेला दिसतोय (ओढा आपणहून असा काटकोनात वळत नाही), त्या जागा लाल टिंबाने मार्क करा. खरं काम या टिंबांवर आहे.

इमारती किती, कुठे

क्विकओएसएम प्लगइनने ओपनस्ट्रीटमॅपवरच्या इमारती उतरवा. काही भागात लोकांनी त्या नीट काढलेल्याच नाहीत, तिथे गुगलचा ओपन बिल्डिंग्ज डेटा जास्त भरलेला मिळतो. ओढ्याच्या रेषेला १०, २० आणि ३० मीटरचे बफर काढा, डिझॉल्व्ह करा (म्हणजे तुकडे जोडून एक करा) आणि सिलेक्ट बाय लोकेशनने प्रत्येकात किती इमारती येतात ते मोजा. हे अंतर कायद्यातलं नाही, आपल्या समजुतीसाठी आहे. कायद्यातलं अंतर बघायचं तर तुमच्या शहराची विकास नियंत्रण नियमावली उघडा. आणि नदीकाठ असेल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा, त्यात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. पूररेषा बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळते. मला एका ऑफिसात तर झेरॉक्सची झेरॉक्स मिळाली होती, दोन्ही रेषा काळ्याच, कुठली लाल कुठली निळी कळायला मार्ग नाही. मूळ रंगीत प्रत बघायला मागा, मोबाइलमध्ये फोटो काढून तो जिओरेफरन्स केला तरी काम भागतं.

जमिनीवरची हिरवाई किती गेली हे बघायला सेंटिनेल २ उपग्रहाचे फोटो घ्या, १० मीटरचे आहेत, दर ५ दिवसांनी येतात. बँड (प्रकाशाचा एकेक पट्टा) ८ वजा बँड ४, भागिले दोघांची बेरीज, झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा आकडा. दोन वर्षांची तुलना करताना महिना एकच घ्या, ऑक्टोबरचा हिरवागार डोंगर आणि एप्रिलचा वाळलेला डोंगर शेजारी ठेवून झाडं तोडली असं म्हणाल तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी उभं राहून विचारेल आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. उष्णतेसाठी लँडसॅट उपग्रहाचा थर्मल बँड असतो, पण तो सकाळी साडेदहा अकराच्या सुमाराला छपराचं तापमान मोजतो, हवेचं नाही. तो विषय वेगळा आहे, ओढ्याचं काम झालं की त्याच्याकडे वळा.

आता बूट घाला

मोबाइलमध्ये क्यूफील्ड हे ॲप टाका, तुमचाच प्रोजेक्ट त्यात उघडतो. जायच्या आधी एक पॉइंट लेअर बनवा आणि त्यात रकाने ठेवा: फोटो, ओढ्याची रुंदी, खोली, मोरी किंवा पाइपचा व्यास, राडारोडा आहे का, सीमाभिंत ओढ्यात आली आहे का, पुराची खूण किती उंचीवर, आणि कुणी सांगितलं (नाव नको, "३० वर्षं राहणाऱ्या काकू" एवढं पुरे). मोबाइलचा जीपीएस ५ ते १० मीटर इकडेतिकडे होतो, दाट वस्तीत जास्तच, त्यामुळे पॉइंट टाकल्यावर सॅटेलाइट फोटोवर बोटाने सरकवून नीट बसवा. सोबत मोजपट्टी न्या. आणि एकटे जाऊ नका, पावसाळ्यात तर अजिबातच ओढ्यात उतरू नका.

एक प्रसंग सांगतो. अरण्येश्वरच्या बाजूला एका तळमजल्याच्या खोलीत आम्ही विचारलं, "काकू, तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्यांनी काहीही न बोलता कॅलेंडर बाजूला केलं. मागे भिंतीला रंग दिलेला नव्हता आणि तिथे मातकट रेघ होती, स्विचबोर्डच्याही वर. बाकी घर रंगवलं, तेवढी पट्टी ठेवलीये, म्हणाल्या, "मुलं विसरतील म्हणून ठेवली." मोजपट्टी लावली, १ मीटर ६२ सेंटिमीटर. त्या म्हणाल्या पाणी समोरून ओढ्याकडून आलंच नाही, मागच्या बाजूने आलं, सोसायटीची भिंत पडली तिकडून. आमच्या नकाशात त्या मागच्या बाजूला काहीच नव्हतं. परत आल्यावर टोपोशीट उघडली तर एक बारीक निळी रेष तिथूनच जात होती, गिरवताना आम्ही ती सोडून दिली होती.

म्हणून प्रत्येक लाल टिंबावर थांबायचं आणि तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारायचं. प्रश्न साधे ठेवा: पाणी कुठल्या बाजूने आलं, किती वाजता चढायला लागलं, किती वेळ राहिलं, पूर्वी इथे काय होतं. धोबीघाट होता, विहीर होती, इथे आम्ही पोहायचो, अशी उत्तरं आली की ती सगळी लिहून घ्या, जशीच्या तशी, मराठीत.

ही माहिती जपून वापरा, हे फार मनापासून सांगतोय. जून २०२१ मध्ये आंबील ओढ्याकाठच्या वस्तीतली घरं पाडायची कारवाई झाली, भर पावसाळ्यात माणसं रस्त्यावर आली, मोठा विरोध झाला, कोर्टाची स्थगिती आली. ओढ्याकाठी कोण राहतं? ज्यांना दुसरीकडे परवडत नाही ते. तुमच्या नकाशात त्यांची घरं "धोकादायक" म्हणून लाल रंगात आणि वरच्या बाजूला ओढ्यात आलेली मोठ्या सोसायटीची भिंत रंगच नाही, असं झालं तर तो नकाशा कुणाच्या विरोधात वापरला जाईल हे उघड आहे. एकेका घराचा पॉइंट बाहेरच्या कुणाला देऊ नका, वस्तीचा एकत्र आकडा द्या, आणि वर काय बदललं ते त्याच नकाशात तेवढ्याच ठळकपणे दाखवा. वस्तीतल्या लोकांना नकाशा आधी दाखवा, बाहेर नंतर.

कागदावर आणायचं

प्रिंट लेआउट उघडा, ए३ कागद, स्केल १:२,५०० किंवा १:५,०००. उत्तर दिशा, स्केल बार, सूची, तारीख आणि डेटा कुठला वापरला हे एका ओळीत. सूची मराठीत लिहा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्या, बाकीच्या काही फॉन्टमध्ये पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं तुटतात. आणि नकाशावर लोकांच्या ओळखीच्या खुणा टाका: मारुतीचं मंदिर, शाळा, रिक्षा स्टँड, रेशनचं दुकान. सर्व्हे नंबर पण हवाच कारण ऑफिसात तोच विचारतात, पण वस्तीतल्या मीटिंगमध्ये सर्व्हे नंबर दाखवून कुणालाच काही कळत नाही, मंदिर दिसलं की सगळे पुढे येऊन बोट ठेवतात.

एका नकाशात एकच गोष्ट सांगा. उतार, हिरवाई, पाणलोट, इमारती सगळं एकावर एक टाकलं की रंगीबेरंगी चिखल होतो. मी चार पानं करतो: पहिल्यावर पाणलोट, दुसऱ्यावर तीन रेषा आणि लाल टिंबं, तिसऱ्यावर पुराच्या खुणांची उंची, चौथ्यावर फोटो आणि मागणी. मागणी नेमकी असू दे, "ओढ्याकडे लक्ष द्यावे" असं नको. "या मोरीत दोन पाइप आहेत, त्यातला एक राडारोड्याने पूर्ण बुजलाय, तो १५ मेच्या आत मोकळा करावा" असं लिहा.

वेळेचं पण गणित आहे. नालेसफाई मे अखेरपर्यंत उरकायची असते, म्हणजे तुमचा नकाशा मार्चमध्ये तयार हवा आणि फिरणं जानेवारी फेब्रुवारीत, ओढा कोरडा असताना, तेव्हाच मोरीच्या आत काय साठलंय ते दिसतं. तुमच्या भागाचा नवीन विकास आराखडा जाहीर झाला असेल तर हरकती सूचनांची मुदत त्या जाहिरातीतच दिलेली असते, ती चुकवू नका. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पालिकेत आली, त्या गावांतले ओढे अजून बऱ्यापैकी उघडे आहेत, म्हणजे तिथे आज काढलेली एक रेष उद्याची भिंत अडवू शकते. तिकडे राहत असाल तर पहिलं काम तिथलंच घ्या.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक क्षेत्रीय कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडायचं, नकाशाच्या प्रत्येक पानावर सुद्धा शिक्का मारून मागा, नाहीतर पुढे फाइलमध्ये अर्ज सापडतो आणि नकाशाची पानं सापडत नाहीत. त्या शिक्क्याच्या पानाचा फोटो काढून प्रोजेक्टच्या त्याच फोल्डरमध्ये तारखेसकट टाका आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लाल टिंबं परत फिरून या, तेच रकाने, तीच मोजपट्टी.